कामासाठी चालवलेल्या भाड्याच्या गाड्या : २०० किलो वजनासह

तागडी (फोंडा)

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन, म्हणजे काटा बरोबर वजन दाखवतो का ते तपासून नीट करणे, हा माझा व्यवसाय आहे. वेर्णा, कुंडई, मडकई, थिवी आणि तुये येथील कारखान्यांत आठवड्याचे बहुतेक दिवस जातात, आणि महिन्यातून दोन-तीन वेळा बेळगाव, कारवार, कुडाळ किंवा कोल्हापूरला जावे लागते. आमची कंपनी भाड्याच्या गाडीचे बिल मंजूर करते, पण स्वतःची गाडी वापरली तर पेट्रोलापलीकडे काही देत नाही. त्यामुळे गेली ११ वर्षे मी भाड्याच्याच गाड्या चालवत आलो आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या या गाड्या गोव्यात प्रत्येकाच्या ओळखीच्या आहेत, आणि त्यांच्याकडे पाहताच लोक चालकाला पर्यटक समजतात. मला तर कुंडईच्या एका सुरक्षारक्षकाने मंगेशीचा रस्ता आपण होऊन सांगितला होता.

गाड्यांवर लिहिणारे बरेच जण नवी गाडी, रिकामी डिकी आणि सरळ रस्ता गृहीत धरून मत देतात. माझ्या गाडीत काटे तपासण्यासाठी २० किलोची १० बिडाची वजने आणि अवजारांची पेटी असते. तीन धडधाकट माणसे मागे बसवल्यासारखेच ते आहे, फरक एवढाच की ही माणसे चहाला उतरत नाहीत आणि चढावर गाडी ढकलायलाही उपयोगी पडत नाहीत. अशा ओझ्यासह चालवलेल्या गाड्यांबद्दल येथे लिहीत आहे. इतरांनीही आपले अनुभव लिहावेत.

आधी वजने ठेवण्याविषयी लिहितो, कारण गाडीचा अर्धा स्वभाव त्यावर ठरतो. सुरुवातीला मी सगळी वजने डिकीत ठेवत असे. डिकीचा बराचसा भाग मागच्या चाकांच्याही मागे येतो, त्यामुळे गाडीचे बूड खाली बसते, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागते आणि रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर आपले दिवे पडतात. आता सहा वजने पुढच्या सीटांच्या मागे पाय ठेवण्याच्या जागेत, गोणपाटावर, एकमेकांना चिकटवून ठेवतो आणि उरलेली चार डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. मागच्या टायरमधली हवा दाराजवळच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलेला असतो, तेवढी भरून घेतो.

सर्वांत जास्त चालवलेली गाडी वॅगन-आर. दिसायला पत्र्याचा डबा असली तरी तिची मागची दारे उंच आणि रुंद उघडतात, त्यामुळे वजन हातात घेऊन कमरेत फारसे न वाकता आत ठेवता येते. स्विफ्टच्या डिकीचा उंबरठा मात्र उंच आहे. दहा वेळा २० किलो त्यावरून उचलून आत उतरवणे आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर काढणे याचा हिशेब दुसऱ्या दिवशी पाठ देते. वॅगन-आरमध्ये ९९८ सीसी आणि ११९७ सीसी अशी दोन इंजिने येतात. गावातल्या गावात लहान इंजिन पुरते, पण माझे ओझे घेऊन चोर्ला घाट चढायचा असेल तर मोठ्या इंजिनाचाच आग्रह धरावा. तिच्या उंचीचा एक तोटा झुआरीच्या नव्या पुलावर कळतो. पावसाळ्यात तिथे बाजूने वारा आला की ती स्टिअरिंगवरचा दुसरा हात मागून घेते.

डिझेल डिझायर ही माझी जुनी सोबतीण. तिचे १२४८ सीसीचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर जोर देत असे, परंतु त्या २००० फेऱ्यांच्या खाली ते जणू झोपलेलेच असे. करमल घाटात वळणावर दुसरा गिअर टाकायला एक क्षण उशीर झाला की गाडी गुदमरायची, मग पहिला टाका, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐका. एकदा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा झाला की २०० किलो मागे आहेत हे विसरायला होई. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल इंजिने बंद केली. त्या वेळच्या ज्या गाड्या अजून भाड्याने मिळतात, त्यांचे वय आता आवाजावरूनच कळते.

टोयोटा इटिऑस हिच्याविषयी कोणी चांगले बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आतले प्लास्टिक हलके, दाराचा आवाज बादलीसारखा, आणि वेगाचा काटा चालकासमोर नसून डॅशबोर्डच्या मध्यावर, जणू काय गाडी कोण चालवणार हे कारखान्यात ठरलेच नव्हते. परंतु तिची डिकी सुमारे ५९० लीटरची होती आणि मागचे सस्पेन्शन ओझ्याने कधी तक्रार करीत नसे. कोल्हापूरहून परतताना पाठ न दुखता उतरलो अशा फेऱ्या बहुतेक तिच्याच. तीही २०२० मध्येच बंद झाली.

ट्रायबर एकदा मोठ्या अपेक्षेने घेतली, कारण तिसऱ्या रांगेच्या सीट काढून ठेवल्या की ६२५ लीटर जागा होते. जागा खरोखर होते. पण ९९९ सीसीच्या तीन सिलिंडरांना माझे ओझे आणि अनमोड घाट या दोन गोष्टी एकदम सांगायला नको होत्या. एसी बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही वर गेलो.

ईकोबद्दल थोडक्यात : सपाट जमीन आणि बाजूला सरकणारे दार यांमुळे वजनांसाठी तिच्यासारखी गाडी नाही, पण इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मे महिन्यात खालून शेक लागतो, आणि माझ्या वाट्याला आलेल्या ईकोला पॉवर स्टिअरिंगही नव्हते. थार एकदाच मिळाली, तीही दुसरी गाडी शिल्लक नव्हती म्हणून. तीन दारांच्या थारमध्ये मागे काही ठेवायचे तर पुढची सीट दुमडून आत शिरावे लागते. कारखान्याच्या फाटकावर मात्र सर्वांत जास्त मान तिलाच मिळाला.

एवढे लिहूनही मुख्य मुद्दा राहतो. ११ वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की भाड्याच्या गाडीची कंपनी आणि मॉडेल विचारून निम्मेच कळते. उरलेले निम्मे तुमच्या आधी ती ज्यांनी चालवली त्यांच्या डाव्या पायात असते. या जूनमध्ये मला एक राखाडी वॅगन-आर मिळाली. तिच्या एसीच्या पंख्याची खुंटी तुटलेली होती आणि त्या जागी कोणीतरी निळ्या पेनाचे टोपण घट्ट बसवून ठेवले होते; टोपण फिरवले की पंखा फिरत असे. त्या अज्ञात कारागिराला माझा नमस्कार. परंतु त्याच गाडीची क्लच प्लेट कोणीतरी इतकी जाळली होती की चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या केरी गावापुढच्या चढावर इंजिनाच्या फेऱ्या वाढत होत्या आणि गाडी आहे तिथेच होती, आणि गाडीभर तो करपलेला वास. मालकाला फोन केला तर त्याने वासाचे खापर माझ्या वजनांवर फोडले. शेवटी चार वजने साखळीत ओळखीच्या दुकानात ठेवून दोन फेऱ्यांत काम उरकले.

तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना एक चाचणी करतो. सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडायचा. प्लेट चांगली असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडते. इंजिन चालूच राहिले तर गाडी परत द्यावी. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही आपणच खराब करू.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असूनही टायर जुना असू शकतो, आणि ओल्या जांभ्याच्या चिखलावर तो फरक समजतो.

---

दोडामार्गी

तागडी साहेब, धागा उत्तम आहे. चढाविषयी तुम्ही पुष्कळ लिहिलेत, परंतु ओझ्याच्या गाडीची खरी परीक्षा उतारावर होते, याकडे लक्ष वेधतो. माझी स्वतःची पिवळ्या पाटीची, म्हणजे टॅक्सीची, डिझायर आहे आणि मोपा विमानतळावरून कंपन्यांच्या लोकांना वेर्ण्यापर्यंत आणि कधी बेळगावपर्यंत नेतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे माझ्या वडिलांनी ट्रकवर शिकवलेले सूत्र आजच्या गाड्यांनाही लागू आहे. सेल्फ ड्राइव्हची गाडी घेतलेली माणसे चोर्ल्यातून साखळीकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच येतात. मागून पाहिले तर त्यांचे लाल दिवे वळणावळणावर पेटलेलेच असतात. खाली येईपर्यंत ब्रेक इतके तापतात की पॅडल मऊ लागायला लागते, आणि मग माणूस घाबरून आणखी दाबतो. ऑटो गिअरच्या, म्हणजे एएमटीच्या गाडीतही लिव्हर मॅन्युअलकडे ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये उतरता येते. पण भाड्याने देणारा हे कोणाला सांगत नाही, आणि घेणारा विचारत नाही.

दुसरी गोष्ट वेगमर्यादेची. व्यवसायाच्या गाड्यांना ८० किलोमीटरवर अडवणारा स्पीड गव्हर्नर असतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी भागात एखाद्या ट्रकला ओलांडायला घेतले आणि ७८ वर गाडीने हात टेकले, की ट्रकवाला आणि आपण शेजारी शेजारी अर्धा किलोमीटर जातो. ज्यांना हे माहीत नसते त्यांना वाटते की इंजिनात बिघाड झाला. माझ्या गाडीत बसलेल्या एका साहेबांनी मला पेट्रोलपंप बदलण्याचा सल्ला दिला होता.

---

मोगरा (मडगाव)

मी औषधनिर्मिती कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणीसाठी फिरते. ओझे म्हणाल तर लॅपटॉप, सुरक्षेचे बूट आणि डबा, परंतु भाड्याच्या गाडीकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी वेगळी असल्यामुळे लिहिते आहे.

माझी उंची पाच फुटांच्या आत आहे. स्वस्तातल्या भाड्याच्या गाड्या बहुधा सर्वांत खालच्या मॉडेलच्या असतात आणि त्यांत चालकाची सीट वर-खाली होत नाही. डिझायरमध्ये बसले की मला बोनेट दिसतच नाही, मग मडगावच्या जुन्या बाजारातल्या गल्ल्यांत अंदाजानेच चालवावे लागते. एक जाड उशी मी कायम सोबत ठेवते. वॅगन-आर, नेक्सॉन अशा उंच बसवणाऱ्या गाड्या मला म्हणूनच आवडतात. पुरुषांच्या परीक्षणांत हा मुद्दा कुठेही येत नाही.

दुसरा मुद्दा पावसाळ्याचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भाड्याच्या गाड्या स्वस्त असतात आणि त्याच काळात त्यांची खरी अवस्था उघडी पडते. आदल्या पर्यटकाचे ओले कपडे, वाळू, बंद काचा आणि उभी गाडी यांतून जो कुबट वास तयार होतो, त्यावर लटकवलेला अत्तराचा बोळा चालत नाही. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. आतल्या भागावर बुरशीचे काळे ठिपके असतील तर ती गाडी कित्येक दिवस उभी होती असे समजावे. काच आतून धुरकट होत असेल तर एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडावी आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करावे. लोक नेमके उलटे करतात आणि मग फडक्याने काच पुसत गाडी चालवतात. सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर ऐकू आली तर घाबरू नये. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि थोडे चालवल्यावर तो निघून जातो.

ऑटोमॅटिक गाड्यांविषयी माझे मत मिश्र आहे. पर्वरीत उन्नत मार्गाचे काम सुरू झाल्यापासून तिथल्या रांगेत एएमटी सेलेरिओने माझा डावा गुडघा वाचवला, हे मान्य करते. परंतु फेरीबोटीच्या ओल्या, उतरत्या धक्क्यावर ब्रेकवरून पाय काढताच ती मागे सरकली आणि मागे एक पाववाला सायकल घेऊन उभा होता. हिल होल्ड, म्हणजे ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसलेल्या एएमटी गाडीत उतारावर हँडब्रेकचाच आधार घ्यावा लागतो, हे मला त्या दिवशी कळले. पाववाल्याला आधीपासून ठाऊक असावे, कारण तो माझ्या अगोदर बाजूला झाला होता.

---

काळी पाटी

मी चार गाड्या भाड्याने देतो, त्यामुळे येथे आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहितो आहे असे समजावे.

तागडी यांचे म्हणणे खरे आहे. माझा आक्षेप एवढाच की आधीचा डावा पाय कोणाचा होता, हे आम्हालाही कळत नाही. गाडी परत येते तेव्हा आम्ही ओरखडे, काचा, टायर आणि पेट्रोलचा काटा पाहतो. क्लच प्लेट डोळ्यांना दिसत नाही. ज्यांनी आयुष्यभर शहरातल्या सपाट रस्त्यावर गाडी चालवली, ते दोना पावलाच्या चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी तोलून धरतात आणि फोटो काढतात. डिपॉझिट घेतले की आम्ही वाईट, आणि प्लेटचा खर्च मागितला की त्याहून वाईट.

वाळूचा त्रास त्याहून मोठा आहे. किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी असूनही दर हंगामात कोणी ना कोणी नेतोच. रुतलेली गाडी बाहेर काढताना क्लच जातो तो वेगळा, शिवाय खारे पाणी खालच्या पत्र्यात शिरून वर्षभरात तो पापडासारखा होतो. म्हणून गाडी घेणाऱ्याने वाकून खालून जरूर पाहावे. गाडी कुठे कुठे गेली हे मालक सांगणार नाही, पण तिचा तळ सांगतो.

पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी गाड्या भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या दोन-चारशे रुपयांनी स्वस्त पडतात, पण खाजगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी असते. आम्ही १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली गाड्या चालवतो. त्या योजनेत परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असाव्या लागतात, म्हणून माझ्यासारखा लहान माणूस दुसऱ्याच्या परवान्याच्या छत्रीखाली उभा राहतो. छत्रीचेही भाडे असतेच.

आणि तागडी साहेब, २०० किलो ओझे नेणार आहात हे आपण मालकाला आधी सांगत होता का? प्रामाणिकपणे लिहावे.

---

तागडी

प्रामाणिकपणे लिहितो : पहिली काही वर्षे सांगत नव्हतो. आता सांगतो, आणि त्यामुळे दोघांनी मला गाडी नाकारलीही आहे. चालक धरून चार माणसांइतकेच वजन होते हे मी त्यांना समजावले, पण 'बिडाची वजने' हा शब्द ऐकताच माणसाचा चेहरा बदलतो. खाली फळी आणि गोणपाट असतो, पत्र्याला पोचा येत नाही, हे पुढच्या वेळी फोटोसह दाखवीन.

वजनांवरून आठवले. एकदा कुडाळला जाताना सीमेवरच्या तपासणी नाक्यावर गाडी अडवली गेली. गोव्याची काळी पाटी, मागे खाली बसलेली गाडी आणि सीटांच्या मागे गोणपाटाखाली काहीतरी झाकलेले, म्हणजे आत दारूच असणार याबद्दल शिपायाच्या मनात शंका नव्हती. मी वजने आहेत असे सांगितले, तरी त्याने गोणपाट बाजूला करून एका हाताने पहिले वजन उचलायला घेतले. ते वर आले नाही. मग दुसरा हात लावला. वजन बाहेर काढून रस्त्यावर ठेवल्यावर त्याने त्यावरचा शिक्का वाचला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सगळीच अशी?" मी हो म्हटल्यावर तो म्हणाला, "मग हे तुम्हीच आत ठेवा."

---

निवांत प्रवासी

विजेवर चालणाऱ्या गाड्या आता भाड्याने मिळतात. २४ युनिटच्या बॅटरीची टियागो घेऊन पणजीहून चोर्ल्यामार्गे बेळगावला जाऊन यावे, असा विचार आहे. एवढ्या चढावर बॅटरी टिकेल का?

---

तागडी

मी टियागो ईव्ही घेऊन एकदा गेलो आहे, वजनांसह. पणजी ते बेळगाव साधारण ११० किलोमीटर आहे. बेळगावची समुद्रसपाटीपासूनची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि आपण जवळजवळ शून्यावरून निघतो. गाडी, मी आणि ओझे मिळून १४०० किलोच्या वर वजन एवढ्या उंचीवर न्यायला, निव्वळ पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने, सुमारे ३ युनिट वीज लागते. मोटरमध्ये वाया जाते ती धरून थोडी अधिक. नेहमीच्या धावेला लागणारी वीज वेगळी. म्हणजे चढ भयंकर नाही, पण २४ युनिटांच्या बॅटरीत तो जाणवतो. बेळगावला पोहोचलो तेव्हा बॅटरीत ३० टक्क्यांहून थोडे अधिक शिल्लक होते, आणि चार्ज न करता परत येण्याची माझी हिंमत झाली नाही.

चालवण्याचा अनुभव मात्र फार सुखाचा. टर्बो जागा होण्याची वाट पाहायला नको, गिअर नाहीत, त्यामुळे आधीच्या माणसाच्या डाव्या पायाचा प्रश्नच मिटतो. उतारावर मोटरच गाडीला मागे ओढून धरते आणि वीज बॅटरीत परत येते, त्यामुळे दोडामार्गी म्हणतात तसा ब्रेक तापत नाही. फक्त वरून निघताना बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर सुरुवातीला परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि गाडी नेहमीसारखी ओढून धरत नाही. म्हणून परतताना मी ८५ टक्क्यांवरच चार्जिंग थांबवले. चार्जर अगोदर फोनवरून शोधून ठेवावा, शिवाय तो चालू आहे का हे तिथल्या माणसाला विचारावे.

---

नवशिका चालक

नव्या नोकरीत पुढच्या आठवड्यापासून कारवार आणि बेळगावला जायचे आहे. आपल्या चर्चेवरून गाडीचे समजले. कागदपत्रांचे काय पाहावे?

---

काळी पाटी

आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस आणि परमिट यांच्या प्रती गाडीत असाव्यात आणि त्यांच्या तारखा स्वतः वाचाव्यात. डिजीलॉकरमधला आपला परवाना पोलिसांना चालतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी राज्याबाहेर नेण्याची परवानगी करारात लिहून घ्यावी. काही मालक गोव्याबाहेर गाडी देत नाहीत, आणि कारवारच्या वाटेवरचा सीमेवरचा पोळे नाका ओलांडल्यावर त्यांच्या फोनवर जीपीएसचा संदेश येतो. तोंडी "चालेल हो" यावर विसंबू नये. मी स्वतः मालक असूनही हे सांगतो. गाडी घेताना आणि परत देताना फोनवर व्हिडिओ काढावा, चारही बाजू, छत, स्टेपनी आणि किलोमीटरचा आकडा. छत बहुतेक जण विसरतात, आणि नारळ नेमका छतावर पडतो.

---

दोडामार्गी

स्टेपनीबरोबर जॅक आणि पाना आहे का तेही पाहा, आणि पाना नटला बसतो का हे एकदा लावून पाहा. दुसऱ्या गाडीचा पाना ठेवलेला मी दोनदा पाहिला आहे.

---

मोगरा

तागडी, दोन दिवस विचार करून लिहिते आहे. तुमच्या राखाडी वॅगन-आरच्या डॅशबोर्डवर डावीकडे उन्हाने फिका पडलेला गणपतीचा स्टिकर होता का, आणि मागची उजवी काच अर्ध्यावर येऊन थांबत होती का? असेल, तर ते निळे टोपण माझे आहे. मे महिन्यात ती गाडी माझ्याकडे नऊ दिवस होती. काणकोणला जाताना खुंटी हातात आली, आणि मालकाने "हंगाम संपला की बघू" असे सांगितले, म्हणून बॅगेतल्या पेनाचे टोपण तापवून बसवले.

नमस्कार स्वीकारते. मात्र त्याच फेरीत करमल घाटात एक ट्रक आडवा पडला होता आणि सव्वा तास रांग चढावर उभी होती. मला तोपर्यंत ऑटोमॅटिकचीच सवय झाली होती, आणि हँडब्रेक नीट धरत नव्हता.

---

तागडी

स्टिकर होता, आणि काचही अर्ध्यावरच थांबत होती.

टोपणाबद्दलचा नमस्कार मागे घेत नाही. ती गाडी मला गेल्या आठवड्यात पुन्हा मिळाली. क्लच प्लेट नवी घातली आहे, काच अजून अर्ध्यावरच थांबते. टोपण जागेवर आहे, पंखा दोनवर उत्तम चालतो. तीनवर नेलात तर टोपण हातात येते.